स्वस्त मोटारहोम टिकेल का? घेण्याआधी आणि पहिल्या वर्षात काय तपासायचे

नवखा माणूस सर्वांत आधी विचारतो, "ही कंपनी भरवशाची आहे का?" मोटारहोमच्या बाबतीत या प्रश्नाला एक उत्तर नसते, कारण एकाच गाडीत तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे काम असते. खाली व्हॅनचे इंजिन आणि सांगाडा, आत विकत आणून बसवलेली उपकरणे, आणि या दोहोंभोवती उभे केलेले घर. ज्या कंपनीचे नाव गाडीवर असते, तिचे स्वतःचे काम प्रामुख्याने या तिसऱ्या भागात असते.

युरोपात विकले जाणारे बहुतेक स्वस्त मोटारहोम फियाट डुकाटोवर, तिच्या प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन जंपर या भावंडांवर किंवा फोर्ड ट्रान्झिटवर बांधलेले असतात. डुकाटो १९८१ पासून इटलीतल्या व्हाल दी सांग्रो इथल्या कारखान्यात तयार होते, आणि महागड्या मोटारहोमखालीही पुष्कळदा हीच गाडी असते. हीटर ट्रुमाचा, फ्रिज डोमेटिक किंवा थेटफर्डचा, संडास थेटफर्डचा, हेही दोन्हीकडे सारखेच. मग पैसे वाचतात कुठे? भिंतीच्या आतल्या चौकटीत, सांधे बंद करण्याच्या कामात, फर्निचरच्या फळ्यांत, फिटिंगला दिलेल्या वेळेत आणि गाडी कारखान्यातून निघण्यापूर्वीच्या तपासणीत. खालचे सगळे टप्पे याच जागांभोवती फिरतात.

पहिला टप्पा: मालकांचे अनुभव कसे वाचायचे

आधी त्या नावामागचे घराणे शोधा. सनलाइट आणि काराडो या दोन्ही गाड्या जर्मनीतल्या नॉयश्टाट गावी काप्रॉनच्या एकाच कारखान्यात बनतात. हा कारखाना एर्विन हायमर समूहाचा, आणि तो समूह २०१९ पासून अमेरिकेतल्या थॉर कंपनीच्या मालकीचा आहे. शोसाँ आणि चॅलेंजर या फ्रान्सच्या ट्रिगानो समूहातल्या जुळ्या बहिणी. वाइन्सबर्ग क्नाउस टाबर्टची. याचा फायदा असा की एका नावाच्या मालकांना आलेला अनुभव जुळ्या नावालाही बराचसा लागू पडतो. शोध दोन्ही नावांनी घ्यावा, माहिती दुप्पट मिळते.

मग सगळ्या तक्रारींचे तीन ढीग करा: इंजिन-सांगाडा, उपकरण, बांधणी. हीटरने त्रुटीचा कोड दाखवला ही हीटरची तक्रार, तीत मोटारहोम कंपनीचा दोष बहुधा नसतो. मात्र हीटरची गरम हवेची नळी दुमडून बसवल्यामुळे मागचा पलंग थंड राहत असेल, तर ती बांधणीची तक्रार. तिसऱ्या ढिगात एकच दोष एकाच मांडणीच्या गाड्यांत पुन्हा पुन्हा दिसतो का, ते पाहा. "मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या दिव्याजवळून पाणी येते" असे तीन अनोळखी मालक सांगत असतील, तर त्याची किंमत "भंगार गाडी" असे लिहिणाऱ्या तीस जणांपेक्षा जास्त आहे.

तक्रार वाचताना दोष दुरुस्त झाला का, किती दिवसांत आणि कोणी केला, हेही टिपून ठेवा. खिडक्या, छताचे झरोके, पंप, हीटर यांचे सुटे भाग कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात. अडते ते फक्त त्या कंपनीच्याच साच्यातून येणाऱ्या भागांवर: मागचा बंपर, बाजूचा खालचा पत्रा, दाराची आतली चौकट, कपाटांची दारे. यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागू शकते. स्वस्त कंपनीचा भरवसा जोखायचा तर मागच्या बंपरचा एक कोपरा मागवल्यावर किती दिवसांत आला, हे विचारावे.

मॉडेल वर्षाबद्दलही एक खुलासा हवा. मोटारहोमचे नवे वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस, जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या मोटारहोम प्रदर्शनाच्या सुमारास सुरू होते. खालची व्हॅन त्याआधी बनलेली असू शकते, त्यामुळे गाडीवर बहुधा दोन पाट्या सापडतात, एक व्हॅन बनवणाऱ्याची आणि एक घर बांधणाऱ्याची. दोन्हींचे क्रमांक लिहून घ्या आणि परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत दोन्हीकडे वेगवेगळे तपासा. व्हॅनची दुरुस्ती झाली आणि घराची राहिली, असे सहज घडते. अगदी नवी मांडणी पहिल्याच वर्षी घेणे टाळावे. पहिल्या हंगामातल्या चुका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कारखान्यात सुधारलेल्या असतात.

दुसरा टप्पा: वजनाचा हिशेब, गाडी बघायला जाण्याआधीच

नवखे लोक हाच टप्पा गाळतात आणि पुढे सगळ्यात महाग पडतो तोही हाच. साध्या कारच्या परवान्यावर युरोपात नेहमीची मर्यादा ३,५०० किलो असते, म्हणून बहुतेक स्वस्त गाड्या याच आकड्यावर पास झालेल्या असतात. माहितीपत्रकातले 'चालू स्थितीतील वजन' ७५ किलोचा चालक धरून असते. पाण्याची टाकी मात्र पुष्कळदा पूर्ण धरलेली नसते. प्रवासासाठी २० लिटरच पाणी धरायचे, अशी पळवाट असते. शिवाय या आकड्यात ५ टक्के इकडेतिकडे चालते.

उदाहरणाने पाहू. चालू स्थितीतील वजन २,९३० किलो, कमाल ३,५०० किलो, म्हणजे कागदावर ५७० किलो शिल्लक. चालकाखेरीज तीन प्रवासी, प्रत्येकी ७५ प्रमाणे २२५ किलो: उरले ३४५. विक्रेत्याने सुचवलेली 'पॅकेजे', म्हणजे मोठे इंजिन, एसी, टीव्हीचा खांब, पायरी, सोलर वगैरे मिळून १२० किलो: उरले २२५. दुसरी एजीएम बॅटरी (शिसाच्या बॅटरीचा बंद प्रकार) २६, बाहेरची छत्री २७, टाकी १०० लिटरपर्यंत भरल्याचे वाढीव ८०: उरले ९२. दोन सायकली स्टँडसकट ७० किलो: उरले २२. या २२ किलोंत चौघांचे कपडे, अंथरूण, भांडी, किराणा, खुर्च्या, टेबल आणि विजेची केबल बसवायची आहे. त्यात ५ टक्क्यांची सूट कंपनीच्या बाजूने वापरली गेली असेल, तर २,९३० चे आणखी १४६ किलो आधीच गेलेले असू शकतात.

युरोपीय नियमात सामानासाठी किमान जागा किती असावी याचे सूत्र आहे: माणसांची संख्या अधिक गाडीची मीटरमधली लांबी, गुणिले १० किलो. चौघांच्या ७ मीटर गाडीला ११० किलो. हा अगदी कमीत कमी आकडा आहे, आठवडाभराच्या सहलीलाही तो तोकडा पडतो. चार सीटबेल्ट आणि चार पलंग आहेत म्हणून गाडी चौघांची होत नाही. स्वस्त गाड्यांतल्या कित्येक 'चार माणसांच्या' गाड्या वजनाने दोघांच्याच असतात.

एकूण वजन ठीक असूनही मागचा अ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा आस) ओव्हरलोड होऊ शकतो. डुकाटोच्या हलक्या सांगाड्यावर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा २,००० किलो असते, जड सांगाड्यावर २,४००. चाकामागे लोंबणारे वजन तरफेसारखे काम करते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ४.०३५ मीटर असेल आणि ७० किलोच्या सायकली मागच्या अ‍ॅक्सलच्या २.२ मीटर मागे टांगल्या, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ७० नव्हे, सुमारे १०८ किलो वाढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ३८ किलोंनी हलका होतो. डुकाटो पुढच्या चाकांनी ओढते. ओल्या गवतावर पुढची चाके जागीच फिरत राहतात, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

म्हणून जुनी गाडी घेत असाल तर सौद्याआधी वजनकाट्यावर न्या. तीन नोंदी घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके, फक्त मागची चाके. डिझेल आणि पाणी किती होते, गाडीत कोण बसले होते, हेही त्याच कागदावर लिहा.

तिसरा टप्पा: ओलावा

मोटारहोम इंजिनाने मरत नाही, पाण्याने मरतो. स्वस्त गाडीच्या भिंतीत लाकडी पट्ट्यांची चौकट असण्याची शक्यता जास्त. बाहेर अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, आत पातळ प्लायवूड, मधे फोम. सांध्यातून शिरलेले पाणी लाकडी पट्टीत मुरते आणि वर्षानुवर्षे दिसत नाही. आतल्या भिंतीवरच्या कागदावर डाग उमटतो तोवर पट्टी कुजलेली असते.

सोबत एवढे न्या: पिनांचा ओलावा-मापक, चांगली विजेरी, शिडी, आणि निदान दोन तास. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. आदल्या दिवसापासून हीटर लावून 'उबदार' करून ठेवलेल्या गाडीची थोडी शंका घ्यावी. विक्रेत्याने चांगल्या हेतूने तसे केले असेल, पण आतला पृष्ठभाग वाळल्याने मापकाचे आकडे खाली येतात.

आधी बाहेरून बघा. गाडीच्या कोपऱ्याशी उभे राहून भिंतीवर तिरकस नजर टाका. फुगवटा किंवा लाट दिसली तर पत्रा आतल्या थरापासून सुटला आहे. मग शिडीवर चढून छताच्या कडेची पट्टी, झरोक्यांच्या चौकटी, सोलरच्या तारा आत जातात ती जागा आणि मागच्या वरच्या दिव्यांचे बूड तपासा. सांध्यावर नंतर फासलेले पांढरे सीलंट दिसले, तर आत मापक लावायची पहिली जागा तीच.

आत हा क्रम ठेवा: मागच्या भिंतीचे खालचे दोन कोपरे, मग वरचे, प्रत्येक खिडकीचे खालचे कोपरे, झरोक्यांभोवतीचे छत, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाचे पुढचे कोपरे, दाराच्या दोन्ही बाजूंचा तळ, चाकांवरच्या कमानी, न्हाणीघराच्या तबकाखालची जमीन. पिना दिसणार नाहीत अशा जागी टोचा, म्हणजे कपाटाच्या आत, गादीखाली किंवा रबराच्या पट्टीमागे. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही. १५ ते २० आले तर ती जागा लक्षात ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायची. २० च्या वर कारण शोधलेच पाहिजे. ३० च्या पुढे आतली चौकट बहुधा खराब झालेली असते. एकट्या आकड्यावर मात्र जाऊ नका. पिना धातूच्या पट्टीला लागल्या की मापक खोटा आकडा दाखवतो. आजूबाजूला १२ आणि एकाच जागी २४, असा फरक हीच खरी खूण.

दमट हवेचा ओलावा आणि गळती यांतला भेद ओळखता आला पाहिजे. गादीखाली, थंड कोपऱ्यात, खिडकीच्या काठावर पसरट काळी बुरशी दिसली तर ती बहुतेक श्वासाच्या वाफेची. तिला गादीखाली जाळी आणि उघडा झरोका पुरतो. एका बिंदूपासून खाली उतरत गेलेला तपकिरी ओघळ, दाबल्यावर मऊ लागणारे प्लायवूड आणि पावसानंतर वाढणारा आकडा म्हणजे गळती.

जमिनीसाठी बूट काढा आणि टाच दाबत सावकाश चाला. ओट्यासमोर, दारात आणि पलंगाच्या पायथ्याशी जमीन स्पंजासारखी दबते का किंवा करकरते का, ते पायालाच कळते. मग गाडीखाली वाकून चाकांच्या मागची बाजू बघा. स्वस्त गाड्यांत जमिनीचा खालचा थर पुष्कळदा काळा रंग दिलेल्या प्लायवूडचा असतो. चाकांनी उडवलेल्या खड्यांनी तो रंग सोलला की तिथून पाणी वर चढते. पायरीचे स्क्रू आणि टाकीचे पट्टे बसवलेल्या जागाही तशाच.

गळती लहान असेल तर दुरुस्ती अशी होते: कडेची पट्टी उतरवायची, जुने ब्युटाइल (सांधे बंद करणारे चिकट रबर) खरवडून काढायचे, पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ करायचा, नवी ब्युटाइल पट्टी लावायची, आणि प्रत्येक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून परत बसवायचा. नुसते वरून फासले तर शिरलेले पाणी आतच कोंडले जाते. सिलिकॉन तर अजिबात वापरू नका. त्याच्यावर पुढे दुसरे कुठलेच सीलंट चिकटत नाही, आणि नंतर दुरुस्ती करणाऱ्याला ते आधी खरवडून काढावे लागते.

बऱ्याच कंपन्या गळतीची वेगळी, लांब मुदतीची हमी देतात. तिची अट बहुतेक सारखी असते: दर वर्षी ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी ओलाव्याची तपासणी आणि पुस्तिकेत शिक्का. एक वर्ष चुकले की हमी संपू शकते. जुनी गाडी घेताना ही पुस्तिका इंजिनाच्या सर्व्हिस-बुकाइतकीच महत्त्वाची. मधला एकही शिक्का गाळलेला नसावा.

चौथा टप्पा: खालची व्हॅन

इंजिन थंड असतानाच बघायला जा. बोनेटवर हात ठेवून खात्री करा, मग सुरू करा. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांची लय जुळवणारा पट्टा) किलोमीटरवर तसाच वयावरही बदलायचा असतो. मोटारहोम वर्षाला कमी धावतो, त्यामुळे किलोमीटर कमी आणि बेल्ट म्हातारा अशी गत होते. डुकाटोच्या २.३ लिटर इंजिनात बेल्ट आहे, ३.० लिटरमध्ये साखळी. बदलल्याची पावती नसेल तर बदललाच नाही असे धरून किंमत ठरवा.

२००६ साली आलेल्या डुकाटोच्या पिढीतल्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. सुरुवातीच्या गाड्या मागे घेताना, विशेषतः चढावर, थडथड हादरतात. रिव्हर्स गिअर फार उंच असल्याने क्लचवर ताण येतो. म्हणून चाचणीत गाडी चढावर मागे घेऊन बघाच. दुसरी गोष्ट वायपरखालच्या तबकाची. तिथून पाणी ठिबकून थेट इंजेक्टरांवर (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांवर) पडते, गंज चढतो आणि पुढे इंजेक्टर काढताना निघत नाहीत. काचेच्या तळाशी एक तांब्याभर पाणी ओता आणि बोनेटखाली कुठे ठिबकते ते बघा.

टायरचा नक्षा बघून फसू नका. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते महिनोन्‌महिने भरल्या वजनाखाली एका जागी उभे असतात. सहा-सात वर्षांवरचे टायर असतील तर नव्या संचाची किंमत सौद्यातून वजा करा.

स्वस्त कंपन्यांच्या बऱ्याच गाड्या आधी भाड्याच्या ताफ्यात फिरतात आणि दोन-तीन हंगामांनंतर विकायला येतात. तेवढ्यावरून त्या नाकारू नयेत. त्यांची सर्व्हिस वेळेवर झालेली असते, इंजिन नियमित चाललेले असते आणि बांधणीतले पहिल्या वर्षीचे दोष निघून गेलेले असतात. तपासायचे ते नवख्या हातांनी वापरलेले भाग: क्लच, मागचा कोपरा, छताच्या पुढच्या कडा, संडासाची सरकती पट्टी आणि पायरी.

पाचवा टप्पा: पाणी, गॅस, ऊब, वीज

विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून फ्रिज सुरू करायला सांगा. उष्णतेवर चालणारा शोषण-फ्रिज थंड व्हायला सहा ते आठ तास, कधी त्याहून जास्त घेतो. अर्ध्या तासाच्या भेटीत त्याचा काहीच अंदाज येत नाही. गॅस आणि २३० व्होल्ट, दोन्हीवर तो वेगवेगळा चालवून बघावा लागतो. १२ व्होल्टवर तो फक्त चालत्या गाडीत थंडावा टिकवण्यासाठी असतो. गाडी उभी असताना १२ व्होल्टवर ठेवला तर एका रात्रीत बॅटरी रिकामी होते. गाडी तिरकी उभी असेल तरी तो नीट थंड करत नाही, आणि मग लोक त्याला बिघडलेला म्हणतात.

पाण्याच्या व्यवस्थेत स्वस्त गाडी ओळखण्याची खूण म्हणजे टाकीत सोडलेला बुडता पंप आणि प्रत्येक नळाच्या आत बसवलेला छोटा स्विच. नळ उघडला की स्विच पंपाला हुकूम देतो. एका नळाला पंप गप्प आणि बाकी नळांना नीट चालतो, म्हणजे त्या नळाचा स्विच गेला. सगळे नळ बंद असतानाही पंप चालू राहत असेल तर एखादा स्विच ओलाव्याने चिकटला आहे. आधी पंपाचे मुख्य बटण बंद करा, कारण कोरडा चाललेला पंप थोड्याच वेळात जळतो. स्विच आणि पंप दोन्ही स्वस्त असतात आणि साध्या हत्यारांनी बदलता येतात. एक-एक नग गाडीत ठेवावा.

ट्रुमाच्या हीटरला थंडीपासून वाचवणारी झडप असते. तापमान सुमारे ३ अंशांवर आले की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधले पाणी गाडीखाली सोडून देते. ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ती परत बंद होत नाही. नवे मालक थंडीच्या सकाळी गाडीखालची धार बघून टाकी फुटली असे समजतात. आधी हीटरने आत ऊब आणा, मग झडप बंद करा आणि मगच टाकी भरा. हिवाळ्यात गाडी वापरणार नसाल तर टाक्या आणि बॉयलर रिकामे करा, सगळे नळ उघडून दांडी मधोमध ठेवा म्हणजे गरम-थंड दोन्ही नळ्या रित्या होतील, आणि फवाऱ्याची नळी खाली सोडा. वसंतात निघणाऱ्या बहुतेक पाण्याच्या गळत्या या एका कामाच्या कंटाळ्यातून येतात.

गॅस थंडीत येत नाही, ही तक्रारही नेहमीची. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणे थांबवते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत होत राहते. थंडीत प्रोपेनच भरा. रेग्युलेटर आणि रबरी नळ्यांवर छापलेले साल पाहा, दहा वर्षे ही त्यांची नेहमीची मुदत. शेगडीची ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर हवा कमी पडते किंवा बर्नर मळला आहे. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळातले भोक कधीही बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर याच भोकातून बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत नसेल तर पहिल्या रात्रीच्या आधी लावा.

बॅटरीची परीक्षा अशी घ्या. चार्जर आणि सगळे दिवे बंद करून काही तास गाडी तशीच राहू द्या, मग व्होल्टेज मोजा. शिसाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास, अर्धी असेल तर १२.२. आता ५ अँपिअरचा भार चार तास ठेवा, म्हणजे २० अँपिअर-तास खर्च होतील. ९५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा साधारण पाचवा हिस्सा. भार काढून थोडी विश्रांती दिल्यावर व्होल्टेज १२.४ च्या वर असायला हवे. १२.२ च्या खाली गेले तर बॅटरीची क्षमता संपली आहे. नव्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. युरो ६ (युरोपचा धुराविषयीचा नियम) इंजिनांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारे वीजजनित्र, इंधन वाचवण्यासाठी मधे मधे व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे दिवसभर गाडी चालवूनही घराची बॅटरी भरत नाही. त्यावर इंजिनाची आणि घराची अशा दोन बॅटऱ्यांच्या मधे बसणारा बूस्टर चार्जर हाच उपाय. स्वस्त मॉडेलात तो आहे की पॅकेजमध्ये वेगळा घ्यावा लागतो, हे आधी विचारा.

फर्निचरबद्दल फार लिहायला नको. हलक्या प्लायवूडच्या कपाटांचे बिजागरीचे स्क्रू ढिले होणारच. स्क्रू काढा, भोकात गोंद लावलेली काडी ठोका, दुसऱ्या दिवशी स्क्रू परत लावा. लांब स्क्रू वापरायचा मोह टाळा, तो बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचू शकतो.

सहावा टप्पा: ताबा घेण्याचा दिवस आणि पहिले तीन मुक्काम

ताबा घ्यायला तीन तास राखून ठेवा आणि सगळे चालवून दाखवल्याशिवाय सही करू नका. पाण्याने टाकी भरून घ्या, प्रत्येक नळ सोडा, मग सिंकखाली, बॉयलरजवळ आणि संडासामागे कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर तिथे गळती आहे. हीटर गॅसवर आणि विजेवर वेगवेगळा चालवा. प्रत्येक खिडकी, पडदा आणि झरोका उघडून बंद करा. वरून खाली येणारा पलंग पूर्ण खाली-वर करा आणि त्याचे दोन्ही कोपरे सारखे उतरतात का, ते बघा.

मग पहिले तीन मुक्काम विक्रेत्याच्या वर्कशॉपपासून तासाभराच्या अंतरात करा. पहिल्या रात्री विजेची जोडणी घ्या, दुसऱ्या रात्री घेऊ नका, आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम खडबडीत रस्त्यावर आणि पावसात चालवा. निघणारे दोष क्रमांक देऊन, फोटोसकट, तारीख घालून लिहा आणि एकाच पत्रात पाठवा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीची नोंद राहत नाही. उत्तरात प्रत्येक भाग कधी मागवला याची तारीख लेखी मागा. स्वस्त गाडीच्या मालकांपैकी जे समाधानी असतात, त्यांनी पहिल्या वर्षात हे काम चिकाटीने केलेले असते. पंधरा-वीस बारीक दोष निघाले म्हणून गाडी वाईट ठरत नाही. ढिला पडदा, वाजणारे दार, सुटलेली पट्टी हे दोन भेटींत संपतात. थांबायचे कारण दोनच: पाणी आत येणे, आणि काट्यावर न बसणारे वजन. या दोन्हींवर लेखी आणि तारखेसह उत्तर मिळेपर्यंत पैशाचा शेवटचा हप्ता हातात ठेवा.

पुढे वर्षातून दोनदा, पावसाळी हंगामाच्या आधी आणि नंतर, ओलाव्याचे तेच आकडे त्याच जागी मोजून एका वहीत लिहा. सांध्यांवर, खिडक्यांवर आणि फ्रिजच्या जाळ्यांवर जोरदार दाबाचे पाणी मारू नका. अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या भरपूर पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, अल्कोहोल किंवा काचेचा स्प्रे लावल्यास त्यांत केसासारख्या चिरा पडतात. संडासाच्या कॅसेटच्या (मैला साठवणाऱ्या, काढता येणाऱ्या टाकीच्या) रबराला सिलिकॉनचे वंगण लावा, पेट्रोलियम जेली नको. आणि गाडी विकायची वेळ आली की ही वही, वजनकाट्याच्या पावत्या आणि तपासणीचे शिक्के एकत्र द्या. समोरचा खरेदीदारही मापक घेऊनच आलेला असेल, त्याला नेमके हेच कागद हवे असतात.